तलवार हातावर बसली, मग हात शाबूत कसा?

प्रश्न : आम्ही पाच मित्रमैत्रिणी दर पंधरवड्याला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. गेल्या सेशनला माझ्या रेंजर पात्राला ऑर्कच्या कुऱ्हाडीचे चार घाव बसले. एचपी (हिट पॉइंट) ३८ वरून ३ वर आले, तरी तो पहिल्याइतक्याच ताकदीनं धनुष्य ओढत होता. रात्री झोपला आणि सकाळी ठणठणीत! आमच्यातली एक जण मेडिकलला आहे, तिला हे अजिबात पटत नाही. घाव हातावर, पायावर, डोळ्यावर असा नेमका बसायला हवा, असं तिचं म्हणणं. बाकीच्यांना वाटतं की त्यानं खेळाचा विचका होईल. नियम असे का आहेत? आणि नेमक्या जखमा आणायच्याच असतील तर कशा आणाव्यात? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मैत्रिणीची तक्रार या खेळाइतकीच जुनी आहे आणि ती रास्त आहे. बाकीच्यांची भीतीही रास्त आहे. दोन्ही बाजू खऱ्या कशा, हे समजायला हिट पॉइंट आले कुठून ते आधी पाहू.

१९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध झाले. टेबलावर छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडायच्या आणि फासे टाकून लढवायच्या. साध्या सैनिकाला एक फटका बसला की तो पटावरून उचलायचा. पलटण हाताखाली असताना एक सैनिक गेल्याचं दुःख नसतं. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसननं मात्र आपल्या ‘ब्लॅकमूर’ खेळात प्रत्येक खेळाडूला एकच माणूस दिला. त्या माणसाला नाव होतं, स्वभाव होता, आणि तो एका फाशात मरायला लागल्यावर खेळाडू हिरमुसले. अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या लढाईसाठीचे नियम आर्नेसनच्या हाताशी होते. जहाज किती मारा सोसून मग बुडतं, याचा आकडा त्यांत होता. तीच कल्पना त्यानं माणसाला लावली. १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला तेव्हा ती हिट पॉइंट म्हणून त्यात आली. तुमच्या रेंजरचे ३८ एचपी म्हणजे मुळात जहाजाच्या सांगाड्याचा हिशेब आहे. तो ३ वर येईपर्यंत धनुष्य का ओढू शकतो, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

उरलेलं निम्मं गायगॅक्सनं दिलं. हिट पॉइंट म्हणजे रक्तमांस एवढंच नव्हे, हे त्यानं १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये बजावून सांगितलं. त्यात लढण्याचं कसब आहे, नशीब आहे, दैवी कृपा आहे. वरच्या पातळीच्या योद्ध्याचे बहुतेक एचपी म्हणजे थोडक्यात चुकलेले वार. म्हणजे ऑर्कच्या चार घावांपैकी पहिले तीन तुमच्या रेंजरनं कसेबसे चुकवले, त्याची दमछाक झाली, आणि चौथा कुठेतरी खरचटून गेला, असं त्या हिशेबाचं वाचन करायचं. हे वाचन मला पटतं. मात्र बहुतेक जीएम (खेळ चालवणारे) प्रत्येक घावाचं वर्णन ‘कुऱ्हाड खांद्यात रुतली’ असं करतात आणि मग नियम खोटा वाटायला लागतो. तुमच्या टेबलावर हेच होत असेल, तर अर्धा प्रश्न नियम न बदलता, नुसत्या वर्णनानं सुटेल.

अवयवावर घाव बसवण्याचा प्रयत्न अगदी सुरुवातीलाच झाला होता, तोही आर्नेसनच्याच नावावर. १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीत शरीराचे भाग पाडून फटका कुठे लागला ते ठरवायचे तक्ते आहेत. पुढच्या आवृत्तीच्या मुख्य नियमांत ते आले नाहीत. गायगॅक्सचा आक्षेप असा की दुप्पट इजा किंवा जीवघेणे घाव असे नियम दोन्ही बाजूंना लागू करावे लागतील, आणि मग खेळाडूंच्या पात्रांचं आयुष्यच कमी होईल.

हा आक्षेप आकड्यांत मांडून पाहा. २०१४ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये रेंगाळणाऱ्या जखमांचा एक पर्यायी तक्ता आहे. पात्राला क्रिटिकल हिट (फाशावर थेट २० आल्यावर बसणारा घाव) बसला, ते शून्यावर येऊनही जिवंत राहिलं, किंवा डेथ सेव्ह (शून्यावर आल्यावर जगण्यासाठी टाकायचा फासा) पाच किंवा जास्त फरकानं हुकला, की विसाचा फासा टाकायचा. १ आला तर डोळा गेला, २ आला तर हात, ३ आला तर पाय. पुढे लंगडणं, आतली इजा, मोडलेल्या बरगड्या, चिघळणारी जखम, व्रण असं खाली उतरत जातं. आता समजा तुमच्या रेंजरवर एका झटापटीत तीन वार होतात आणि एका सेशनला तीन झटापटी होतात. वीस सेशनांत १८० वार झाले. विसात एक या हिशेबानं नऊ क्रिटिकल. प्रत्येक वेळी अवयव जाण्याची शक्यता १५ टक्के. नऊही वेळा धडधाकट निसटायची शक्यता जेमतेम २३ टक्के उरते. शून्यावर येण्याचे प्रसंग तर मी धरलेच नाहीत. म्हणजे वर्षभरात चार पात्रांपैकी साधारण तिघांचा एखादा अवयव गेलेला असेल.

आणि ऑर्क? तो एकाच लढाईपुरता जगतो. त्याचा हात तुटला काय आणि तो मेला काय, पुढच्या दाराआड दुसरा ऑर्क धडधाकट उभा असतो. कागदावर नियम दोघांना सारखा आहे. भोगतं मात्र तेच पात्र, जे प्रत्येक लढाईला हजर असतं. जखमांचा कुठलाही नियम निवडताना मी सगळ्यात आधी हे तपासतो.

मग नेमक्या जखमा असलेले खेळ चालतात तरी कसे?

चालतात, आणि उत्तम चालतात. सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’चं. तो लिहिणारा स्टीव्ह पेरिन हा मध्ययुगीन शस्त्रांनी हौसेनं लढणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मंडळींपैकी. लाकडी तलवार आणि ढाल घेऊन समोरासमोर उभं राहिल्यावर पायावर आणि हातावर किती फटके बसतात, हे अशा माणसाला अंगावर घेऊन कळलेलं असतं. ‘रूनक्वेस्ट’मध्ये वार लागला की विसाचा आणखी एक फासा पडतो : १ ते ४ उजवा पाय, ५ ते ८ डावा पाय, ९ ते ११ पोट, १२ छाती, १३ ते १५ उजवा हात, १६ ते १८ डावा हात, १९-२० डोकं. छातीला वीसपैकी एकच आकडा आहे. ढालीमागे उभ्या माणसाचं काय उघडं राहतं, ते या तक्त्यात उतरलं आहे.

प्रत्येक भागाचे वेगळे हिट पॉइंट असतात. एकूण १२ असलेल्या साधारण माणसाचा हात फक्त ३ चा, पाय ४ चा, छाती ५ ची. रुंद पात्याच्या तलवारीची इजा आठाचा फासा अधिक एक, म्हणजे २ ते ९. उघड्या हातावर ती बसली तर आठपैकी सात वेळा हात निकामी होतो आणि हातातली वस्तू गळून पडते. त्याच हातावर पाच गुणांचं साखळी चिलखत असेल, तर तो निकामी व्हायला फाशावर ७ किंवा ८ यावा लागतो, म्हणजे आठपैकी दोनदा. हे आकडे एकदा डोळ्यांखालून गेले की खेळाडू बाजारात जाऊन आधी बाहूंचं चिलखत विचारतो, वार अडवायला शिकतो, आणि तिघं समोर दिसले तर बोलणी करून पाहतो. जखमेच्या नियमानं खेळणाऱ्याची वागणूकच बदलली, आणि हेच त्याचं यश.

पण यातला नुसता तक्ता उचलून तुमच्या खेळात चिकटवू नका. ‘रूनक्वेस्ट’मध्ये तो तक्ता एकटा उभा नाही. त्या जगात, म्हणजे ग्रेग स्टॅफर्डनं रचलेल्या ग्लोरँथात, साधा शेतकरीसुद्धा थोडी जादू जाणतो. उपचाराचा मंत्र जवळजवळ प्रत्येक साहसी पात्राकडे असतो, आणि पुरेशा ताकदीचा, सहा गुणांचा असेल तर तुटलेला अवयवही पुन्हा जोडतो. हात झटकन निकामी होतो आणि झटकन बराही होतो. तुमच्याकडे मात्र गेलेला हात परत आणायला ‘रिजनरेट’ हा सातव्या पातळीचा मंत्र लागतो, आणि तो हाती यायला पात्र तेराव्या स्तरावर पोचावं लागतं. तिसऱ्या स्तरावर हात गेला तर पुढचे दहा स्तर काय करायचं? शिवाय ‘रूनक्वेस्ट’मध्ये एचपी शरीराच्या बांध्यावर ठरतात, अनुभवानं फुगत नाहीत. तुमच्याकडे प्रत्येक स्तराला वाढतात. पाया असा वेगळा असताना फक्त वरचा मजला उचलून आणला की इमारत कलते.

म्हणून जखमेचा नियम निवडताना शेजारच्या दोन नियमांकडे नीट पाहा : उपचार किती सहज मिळतात, आणि खेळातला काळ किती वेगानं सरतो.

काळाचा मुद्दा तुमच्या मैत्रिणीला लगेच पटेल. मोडलेलं हाड सांधायला दीड-दोन महिने लागतात. तुमच्या मोहिमेत दोन महिन्यांत राज्य बुडतं. मग एक तर सगळ्यांनी थांबायचं, नाही तर जखमी पात्राच्या खेळाडूनं कडेला बसून बघायचं. स्टॅफर्डच्याच १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये ही अडचण येत नाही. तिथं आर्थर राजाच्या काळातले सरदार वर्षाला साधारण एक साहस करतात. मग हिवाळा येतो : शेतीचं उत्पन्न, लग्नं, मुलं, म्हातारपण, सगळे फासे तेव्हा पडतात. एकाच घावात प्रकृतीच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त इजा झाली तर ती मोठी जखम, आणि तिची खूण म्हणून एखादा गुण कायमचा कमी होऊ शकतो. सरदार महिनोन् महिने अंथरुणाला खिळला तरी एकाही खेळाडूची संध्याकाळ वाया जात नाही. मुलगा मोठा झाल्यावर खेळाडू त्याच्या रूपानं पुढे खेळतो. गुडघा अधू झालेला बाप आणि त्याची तलवार चालवणारा मुलगा अशी कथा तिथं आपसूक उभी राहते. मला हा आजवरचा सगळ्यात सुंदर जखमांचा नियम वाटतो, कारण त्यात जखमेला वय मिळतं.

शरीराच्या तपशिलाची आवड असेल तर मैत्रिणीला १९८६ चा ‘हार्नमास्टर’ दाखवा. त्यात एकत्रित हिट पॉइंटच नाहीत. प्रत्येक जखम पात्राच्या कागदावर वेगळी लिहायची, तिची तीव्रता वेगळी, बरं होण्याची गती वेगळी, आणि जंतुसंसर्ग झाला तर त्याचे फासेही वेगळे. लढाई जिंकून आठवड्यानं तापानं मरणारा सैनिक इतिहासात पावलोपावली भेटतो. तो इथंही भेटतो. ‘रोलमास्टर’ घराण्यातला १९८० चा ‘आर्म्स लॉ’ दुसऱ्या टोकाला जातो : प्रत्येक शस्त्राला वीस प्रकारच्या चिलखतांविरुद्धचा वेगळा तक्ता, आणि वर कापणं, भोसकणं, चेचणं यांचे ए ते ई तीव्रतेचे जीवघेणे निकाल. वाचायला थरारक आहे, पण पाच जणांच्या गटात कागद उलटण्यातच रात्र सरते. मी तो सुचवणार नाही.

तुमच्यासाठी जवळचा मार्ग १९८६ च्याच ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’चा. तिथं आधी जखमांचा एकत्रित साठा संपतो, तुमच्या एचपीसारखाच. तो संपल्यावर जो जास्तीचा मारा बसतो, तोच अवयवावर जातो आणि त्याचा तक्ता पाहायचा. हलका असेल तर हातातली वस्तू पडते. भारी असेल तर हात जातो किंवा जीव जातो. कुठला अवयव, हे ठरवायला वेगळा फासा लागत नाही. वार लागला का ते पाहायला टाकलेल्या शंभराच्या फाशातले अंक उलटे वाचायचे. ३४ पडला, वार लागला. उलटा ४३, म्हणजे डावा हात. एका फाशात दोन उत्तरं. शिवाय प्रत्येक नायकाकडे मोजकेच फेट पॉइंट असतात. एक कायमचा खर्च केला की मरण टळतं. त्यामुळे नायक हळूहळू झिजत जातात, पहिल्याच क्रिटिकलला संपत नाहीत. ३८ पासून ३ पर्यंत दमछाक, आणि शून्याखाली मांस : गायगॅक्सचं वाचन आणि तुमच्या मैत्रिणीचा आग्रह दोन्ही यात बसतात.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आणखी एक वाट निघाली आहे : जखम घ्यायची की नाही, यात खेळाडूलाच विचारायचं. व्हिन्सेंट बेकरच्या २०१० च्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये मरणाच्या दारात पोचलेल्या पात्राचा खेळाडू कायमचं वैगुण्य पत्करून जगणं निवडू शकतो. जॉन हार्परच्या २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये जखम म्हणजे कागदावर लिहिलेले दोन-तीन शब्द : ‘घोटा मुरगळला’, ‘छातीत गोळी’. खेळाडू मानसिक ताण सोसून ती हलकी करू शकतो किंवा टाळू शकतो. इथं अवयवांचा तक्ता मुळीच नाही, तरी जखमा अगदी नेमक्या असतात, कारण त्या आकड्यांत न मांडता शब्दांत लिहायच्या असतात. छतावरून उडी मारायची वेळ आली की घोटा आडवा येतो; कुलूप उघडताना येत नाही. एवढं शहाणपण मोठमोठ्या तक्त्यांनाही जमलेलं नाही.

उपप्रश्न : मी थेट डोळ्यावर नेम धरला तर?

हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण जखमांचा नियम आल्यावर पहिल्याच लढाईत कोणीतरी विचारणार. नेम धरण्याला फायदा दिला आणि किंमत कमी ठेवली, तर सगळे कायम डोळाच फोडू पाहतील, आणि राक्षसही तेच करतील. किंमत किती असावी, याचा चांगला दाखला स्टीव्ह जॅक्सनच्या ‘गर्प्स’मध्ये आहे. तिथं तीन फासे टाकून बेरीज आपल्या कौशल्याइतकी किंवा कमी आणायची. कौशल्य १४ असेल तर साधा वार ९० टक्क्यांहून जास्त वेळा लागतो. हातावर नेम धरला तर उणे २, म्हणजे ७४ टक्के. कवटीवर उणे ७, म्हणजे १६. डोळ्यावर उणे ९, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे हातावरचा नेम हा विचारपूर्वक घ्यायचा निर्णय ठरतो, आणि डोळ्यावरचा नेम फक्त हतबल माणूस किंवा महान धनुर्धर धरतो. तुमच्या खेळात नेमाचा नियम मुळात नकोच, असं माझं मत आहे. डोळ्यावर नेम धरणाऱ्याला त्यातून काय साधायचंय ते विचारा. शत्रू आंधळा व्हावा, हातातलं शस्त्र पडावं, पळू नये : यांतल्या बहुतेकांसाठी तुमच्या खेळात आधीच काही ना काही सोय आहे.

आणखी एक गोष्ट, जी तक्त्यात सापडत नाही

टेबलाभोवती बसलेल्या माणसांना स्वतःची शरीरं असतात. कोणाच्या घरी अपघात झालेला असतो, कोणाला रक्ताचं वर्णन ऐकवत नाही, कोणी स्वतः दिव्यांग असतं. जखमांचे नियम आणण्याआधी एक सेशन फक्त बोलण्यासाठी ठेवा. काय टेबलावर अजिबात नको आणि काय पडद्याआड घडलेलं चालेल, हे ठरवून घ्या. शिवाय अवयव गेला म्हणजे पात्र संपलं, असं मानणारे नियम आळशी असतात. २०२० साली सारा टॉम्पसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीसाठी लढाऊ व्हीलचेअरचे नियम लिहून सगळ्यांसाठी खुले केले, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी ते उचलले. ‘सायबरपंक २०२०’मध्ये एकाच फटक्यात आठाहून जास्त इजा झाली तर हात किंवा पाय जातो, पण यांत्रिक हात घेऊन पात्र पुढे चालतं, आणि त्याच्या कर्जात बुडतंही. दोन्हीकडे अवयव गेल्यावर पात्राला करण्यासारखं काहीतरी उरतं. तुमच्या नियमातही ते उरलं पाहिजे.

आता सल्ला. नेहमीचे एचपी तसेच ठेवा. पात्र शून्यावर आलं, तरच जखमेचा विचार करा. त्या क्षणी खेळाडूला दोन वाटा द्या : नेहमीप्रमाणे बेशुद्ध पडून डेथ सेव्ह टाकायचे, किंवा एका एचपीवर तग धरून एक जखम लिहून घ्यायची. जखम दोन-तीन शब्दांची असावी आणि जीएम व खेळाडू यांनी मिळून ठरवावी. जे काम त्या अवयवावाचून होत नाही, त्यालाच डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). ती कशानं बरी होईल, हे त्याच वेळी त्याच ओळीत लिहा : गावात आठवडाभर विश्रांती, देवळातला उपचार, किंवा एखादी वनस्पती जी आणायला जावं लागेल. जखम बरी कशी होते, हे तुमच्या मेडिकलच्या मैत्रिणीला लिहू द्या. इतकी जाणकार व्यक्ती टेबलावर असणं हे भाग्य आहे. कायमचा अवयव जाणं खेळाडूनं स्वतः मागितल्याशिवाय घडू देऊ नका.

हा नियम तीन सेशन चालवून पाहा. मग पाचही जणांनी मत द्या आणि बहुमत विरोधात गेलं तर काढून टाका. मात्र नियम लिहून सगळ्यांच्या हातात देणं लढाई सुरू होण्याआधी करा, कोणी जमिनीवर पडल्यावर नव्हे.